वाचकाचे जगणे आणि त्याचे पुस्तक

आवडत्या पुस्तकाविषयी कोणी बोलू लागले, की बोलण्याचा ओघ थोड्याच वेळात पुस्तकाकडून स्वतःच्या आयुष्याकडे वळतो, असे सहसा दिसते. कथानक, भाषा, पात्रे यांविषयी दोनचार वाक्ये होतात आणि मग ते पुस्तक हाती आले तेव्हाचे वय, वसतिगृहाची खोली, घरातले आजारपण, सुटलेली नोकरी किंवा नुकतेच झालेले लग्न यांच्या आठवणी सुरू होतात. कलाकृतीचे मूल्य तिच्या रचनेत शोधावे, वाचकाच्या खाजगी आठवणींत नव्हे, अशी समीक्षेची शिस्त असल्याने हे बोलणे विषयांतर मानले जाते. परंतु वाचन ही घटना मुळात कशी घडते हे समजून घ्यायचे असेल, तर पुस्तक आणि वाचकाचे जगणे एकमेकांना नेमके कोठे भिडले याची खबर या विषयांतरातूनच मिळते, आणि म्हणून त्याकडे गांभीर्याने पाहायला हवे.

भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने रसिकाला ‘सहृदय’ म्हटले आणि रसाचा आस्वाद घेण्याची पात्रता त्याच्या मनातील ‘वासनां’शी जोडली. येथे वासना म्हणजे आजच्या बोलीतील कामवासना नव्हे, तर भोगलेल्या, पाहिलेल्या अनुभवांचे मनात सुप्त राहिलेले संस्कार. काव्यातील शोक किंवा भय वाचकाला जाणवते ते हे संस्कार त्याच्याकडे आधीपासून असतात म्हणून, आणि काव्य व संस्कार यांच्या या जुळणीला अभिनवगुप्ताने ‘हृदयसंवाद’ असे नाव दिले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त जे जुने मत नोंदवले आहे ते तर अधिक परखड आहे, ज्यांच्याकडे असे संस्कारच नाहीत ते प्रेक्षक नाट्यगृहातील लाकूड, भिंती आणि दगड यांच्यासारखे होत, असे ते मत सांगते. मात्र अभिनवगुप्ताने वाचकाच्या अनुभवाला मोकळे सोडलेले नाही. सततच्या काव्यवाचनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, तोच वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, असे त्याचे म्हणणे असल्यामुळे आयुष्याचा अनुभव आणि वाचनाचा सराव या दोन्ही गोष्टी तो आवश्यक मानतो.

मराठीत हा विचार न. चिं. केळकर यांनी नव्या शब्दांत मांडला. बडोदे येथील १९२१च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना सांगितली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, त्याच्या सुखदुःखाशी एकरूप होतो, परंतु त्याच वेळी आपण आपणच आहोत ही जाणीव त्याच्यापाशी शिल्लक राहते, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा या कल्पनेचा आशय आहे. मराठी समीक्षेत रूढ असलेली ‘पुनःप्रत्ययाचा आनंद’ ही संज्ञा याच्या जवळची असली, तरी ती अपुरी आहे. आपण जगलो तेच पुन्हा भेटल्याचा आनंद एवढाच तिचा अर्थ घेतला, तर कोकण न पाहिलेला वाचक कोकणातील कादंबरीत का रमतो याचे उत्तर तिच्याकडून मिळत नाही. केळकरांच्या कल्पनेत मात्र स्वतःपलीकडे जाण्याला जागा आहे.

पाश्चात्त्य समीक्षेत वाचकाला हे स्थान मिळायला बराच उशीर लागला. अमेरिकेतील लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आणि पुढे १९७८च्या दुसऱ्या ग्रंथात अधिक काटेकोरपणे, असे प्रतिपादन केले की छापील पान म्हणजे अद्याप कविता नव्हे. ते पान आणि विशिष्ट काळी, विशिष्ट मनःस्थितीत ते वाचणारा माणूस यांच्यातील देवघेवीतून कविता दर वेळी घडते. औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचताना वाचकाचे लक्ष वाचून झाल्यावर हाती काय उरेल याकडे असते, तर कथा वाचताना ते वाचत असतानाच्या क्षणाकडे असते, हा त्यांनी केलेला भेद साधा आणि उपयुक्त आहे, कारण स्वतःच्या आठवणी जाग्या होण्याला दुसऱ्या प्रकारच्या वाचनातच अवसर मिळतो.

हे सिद्धान्त प्रत्यक्षात कसे दिसतात, याचे एक अत्यंत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १९५६च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बालपणीच्या वाचनाची हकिगत नोंदवली आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी आणि अतिशय धर्मनिष्ठ होते. कथा ऐकण्यासाठी घरी जमलेल्या माणसांपुढे आणि बहिणींपुढे रामायण-महाभारतातील भाग वाचून दाखवण्याचे काम ते आपल्या मुलांना लावत, आणि हा क्रम अनेक वर्षे चालला. हे ग्रंथ आपल्याला का वाचायला लावता, असे मुलाने विचारले तेव्हा वडिलांनी दिलेले उत्तर वाचनाच्या कोणत्याही अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे आहे. आपण अस्पृश्य असल्यामुळे मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव आहे आणि हे ग्रंथ तो दूर करतात, असे सांगून त्यांनी द्रोण आणि कर्ण यांच्याकडे बोट दाखवले. लहान समजली जाणारी माणसे केवढ्या उंचीवर पोहोचली ते पाहा, आणि रामायण लिहिणारा वाल्मीकी तर कोळी होता, असा त्यांचा युक्तिवाद होता.

सैन्यात सुभेदारीपर्यंत चढलेल्या आणि तरीही समाजात अस्पृश्यच राहिलेल्या माणसाने महाभारतातून कर्ण निवडावा, यात त्याचे सारे आयुष्य सामावलेले आहे. तेच ग्रंथ, त्याच घरात, त्याच आवाजात वाचणाऱ्या मुलाला मात्र हे उत्तर पुरले नाही. भीष्म आणि द्रोण यांचे वागणे त्याला दुटप्पी वाटले, कृष्णाची कपटनीती पटली नाही, आणि वाली, शूर्पणखा व सीता यांच्याशी रामाने केलेला व्यवहार तर मुळीच रुचला नाही. अपमान दोघांच्याही वाट्याला आला होता, परंतु वडिलांना त्या अपमानावर मात केलेला वीर हवा होता आणि मुलाला तो अपमान ज्या व्यवस्थेतून येतो तिचा हिशेब हवा होता. अनुभव सारखा असला म्हणजे वाचनही सारखे होते, हा समज या एका घरातच मोडून पडतो; माणूस आपल्या अनुभवाला कोणता प्रश्न विचारत असतो, यावर त्याला पुस्तकात काय सापडते ते अवलंबून असते.

या मुलाला त्याचे पुस्तक दिले कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी. मुंबईत शिक्षक असलेले केळुसकर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या विद्यार्थ्याला ओळखू लागले होते. शालेय परीक्षेतील यशाबद्दल त्याच्या सत्कारासाठी भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले आणि स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. ते वाचून मुलगा हेलावून गेला, आणि बौद्ध वाङ्मयाची ओळख आपल्याला का करून दिली नाही, असा जाब त्याने वडिलांना विचारला. सुमारे अर्धशतकानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतराच्या काही महिने आधी, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना आंबेडकरांनी या भेटीपासून सुरुवात केली आहे. एका पुस्तकामुळे सगळे घडले असे म्हणणे अर्थातच चुकीचे होईल, कारण त्यांच्या प्रस्तावनेचा रोखही तसा नाही. रामायण-महाभारतातून आलेली अतृप्ती आधी तयार होती, आणि बुद्धचरित्राला जागा मिळाली ती त्या अतृप्तीत.

आंबेडकरांच्या या वाचनाच्या काही वर्षे आधी बुद्धाचे चरित्र आणखी एका मराठी वाचकाच्या हाती पडले होते. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६चा, गोव्यातील सांखवाळचा. शालेय शिक्षण तुटलेले, प्रकृती नाजूक, नारळीच्या बागायतीची देखरेख हे रोजचे काम आणि मनात खोल उदासी, अशा अवस्थेत ‘बालबोधमेवा’ या मुलांसाठीच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयीचा मजकूर वाचला. अभ्यासकाने ज्याची दखलही घेतली नसती असा तो मजकूर होता, परंतु दुःख आणि त्यातून सुटकेचा मार्ग हा विषय ज्याला घेरून राहिला होता त्या वाचकाने तो पुनःपुन्हा वाचला. १८९९च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले, आणि पुणे, काशी, नेपाळ अशी वाटचाल करत संस्कृत व बौद्ध धर्म यांच्या शोधात ते सिलोनपर्यंत गेले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे मोकळेपणाने लिहिले आहे. कोसंबींना बुद्धात वैयक्तिक दुःखाचे औषध दिसले आणि आंबेडकरांना समतेचा आधार. जन्म, जात, प्रदेश, सगळेच भिन्न असलेल्या या दोन वाचकांनी एकाच चरित्रातून आपापली वाट काढली, आणि त्यांतील कोणाचेही वाचन दुसऱ्याच्या तुलनेत कमी खरे ठरत नाही.

रामजींनी मुलापुढे ठेवलेला कर्ण पुढे १९६७मध्ये शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधून लाखो वाचकांना भेटला. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या आत्मकथनांतून उलगडणाऱ्या या कादंबरीच्या शब्दबंबाळपणावर समीक्षकांनी आक्षेप घेतले आणि त्यांत तथ्य आहे, तरी तिचे वाचक घटले नाहीत. अंगी गुण असून कुळ विचारले गेल्याचा, शर्यतीत उतरण्याआधीच बाद ठरवले गेल्याचा अनुभव नाना प्रकारांनी घेतलेली माणसे महाराष्ट्रात गावोगावी आहेत, आणि प्रत्येकाने आपल्यापुरता सूतपुत्र शब्दाचा अर्थ भरून घेतला.

वाचक आणि पुस्तक यांचे नाते वयाबरोबर कसे पालटते, हे पाहण्यासाठी ‘श्यामची आई’इतके सोयीचे मराठी पुस्तक दुसरे नाही, कारण बहुतेक घरांत ते लहानपणी वाचले जाते आणि पुष्कळ वेळा मुलांना वाचून दाखवण्याच्या निमित्ताने पुन्हा उघडले जाते. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले आणि ते १९३५मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील पोहण्याच्या प्रसंगात श्याम पाण्याच्या भीतीने लपून बसतो, आई त्याला शोधून मारत मारत बाहेर काढते, इतर मुलांबरोबर विहिरीवर धाडते, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. नऊदहा वर्षांचा वाचक या प्रसंगात पूर्णपणे श्यामच्या बाजूला असतो. त्याला विहीर दिसते, छडी दिसते, आणि आई एवढी कठोर का झाली हे कळत नाही. तोच वाचक स्वतः पालक झाल्यावर वाचतो तेव्हा विहिरीपेक्षा त्याला घरी थांबलेली आई अधिक दिसू लागते, जिने आपला मुलगा भित्रा म्हणवला जाऊ नये म्हणून हात उगारला आणि ते शल्य स्वतःपाशी ठेवले. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये असा हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई दगडावर आपले लुगडे पसरते, या सर्वपरिचित प्रसंगाचेही असेच आहे. मुलाला त्यातला उपदेश आठवतो, मोठ्या माणसाला ओले वस्त्र अंगावर घेऊन पुढच्या कामाला लागलेली बाई आठवते.

या पुस्तकाची खरी ताकद मात्र कर्जाच्या प्रकरणांत आहे आणि शालेय वयात तिकडे सहसा लक्ष जात नाही. भाऊबंदकीतून वेगळे झालेले, उतरती कळा लागलेले घर, वसुलीसाठी दारात येऊन बसणारा सावकाराचा माणूस, त्याचे लागट बोलणे ऐकणारी आजारी आई आणि काहीच करू न शकणारे वडील, हे चित्र विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कोकणातल्या ब्राह्मण घराचे आहे. तरीही विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या, तगाद्याची धास्ती घरात पाहिलेल्या वाचकाला त्यातल्या सोवळ्याओवळ्याचा अडथळा वाटत नाही, कारण वसुलीला आलेल्या माणसासमोर घरातल्या बाईचा आवाज कसा बदलतो हे त्याला ठाऊक असते. एवढ्या नेमक्या तपशिलात लिहिलेले पुस्तकच दूरच्या वाचकाला आपले वाटते. सर्वांना लागू पडावे म्हणून मोघम लिहिलेल्या पुस्तकात वाचकाच्या आठवणीला धरायला काहीच मिळत नाही.

आपल्या शाळांमध्ये या गोष्टीचा विचार फारच कमी होतो, आणि हे खेदाने नोंदवावे लागते. पाठाखालचे प्रश्न लेखकाला काय सांगायचे आहे याभोवती फिरतात, त्याचे ठरीव उत्तर मार्गदर्शिकेत छापलेले असते, आणि वाचणाऱ्या मुलाला त्या पाठातून स्वतःच्या घरातले काय आठवले, हे विचारण्याची पद्धत नाही. असे आठवणे हे पाठाचे आकलन नव्हे, ही हरकत बरोबर आहे. परंतु आकलनाची सुरुवात तेथून होते, आणि ती सुरुवातच ज्याला मिळाली नाही तो विद्यार्थी परीक्षा संपताच पुस्तकांपासून कायमचा दुरावतो.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३मध्ये आली, तेव्हा पुस्तकात स्वतःचे जगणे शोधण्याची भूक कशी असते ते स्पष्ट दिसले. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या महाविद्यालयात आलेला, वसतिगृहात आणि खाणावळीत पैसे व वर्षे घालवणारा, धाकट्या बहिणीच्या मृत्यूने हादरलेला आणि अखेर पदवीविना गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर हा मराठी कादंबरीचा तोवरचा नायक नव्हता. शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्यांनी ही कादंबरी स्वतःची मानली, तिच्या निवेदनाची लकब आपल्या बोलण्यात घेतली, आणि आपल्या निरर्थक वाटणाऱ्या दिवसांवरही पुस्तक लिहिले जाऊ शकते हा दिलासा तिच्यातून मिळवला.

हा दिलासा ज्यांना त्या काळापर्यंत जवळपास मिळालाच नव्हता, त्यांच्या बाबतीत वाचन ही अधिक तीव्र घटना होती. वाचक चळवळ म्हणून सुरू झालेल्या ग्रंथालीने १९७८मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले. शिकून शहरात स्थिरावलेला दया आणि महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला दगडू अशा एकाच माणसाच्या दोन रूपांतील संवादातून हे आत्मकथन उभे राहते. मध्यमवर्गीय वाचकांना त्याने धक्का दिला हे वारंवार सांगितले जाते. पण ज्यांनी तसेच आयुष्य काढले होते त्या वाचकांचा प्रतिसाद अधिक गुंतागुंतीचा होता. काहींना आपले जगणे प्रथमच छापील अक्षरांत भेटले. काही सुशिक्षितांना मात्र जे कष्टाने मागे टाकले ते चारचौघांत उघडे करण्याची गरज काय, असे वाटले, आणि त्यांनी नाराजी बोलून दाखवली. पुस्तकाशी अनुभव जुळला म्हणजे ते आवडतेच असे नाही; जे विसरण्यात वर्षे खर्ची पडली ते समोर आणणारे पुस्तक वाचक मिटूनही ठेवतो, आणि त्याला रसिकतेचा अभाव म्हणणे अन्यायाचे ठरेल.

‘बलुतं’नंतर आत्मकथनांची जणू रांगच लागली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७मध्ये आले. भटक्या-विमुक्तांचे आयुष्य प्रथमच आतून सांगितले गेले. आपल्यासारख्या माणसाचे पुस्तक होऊ शकते हे वाचकाला एकदा उमगले, की वाचक आणि लेखक यांमधील अंतर किती कमी होते, हे या दशकाने दाखवून दिले. तरी या पुस्तकांतून बायकांचे जगणे बरेचसे कडेलाच राहिले होते. फलटणला छोटे दुकान चालवणाऱ्या बेबी कांबळे पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतले कागद वाचत असत, आणि आपले लेखन त्यांनी घरच्यांपासून अनेक वर्षे लपवून ठेवले होते. हे लेखन मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले आणि १९८६मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूप झाले.

‘स्त्री’च्या वाचक प्रामुख्याने पांढरपेशा घरांतल्या होत्या. या लेखनात आठनऊ वर्षांची सून पहाटेच्या अंधारात जात्याशी बसते, तिच्या कोवळ्या हातांना भाकरी नीट थापता येत नाही, आणि सासू तिच्या कच्च्या भाकरी शेजारणींना दाखवून तिची शोभा करते. सासुरवास, स्वयंपाकघरातला धाक, चारचौघींतली नाचक्की हे सारे त्या वाचकांच्या ओळखीचे होते, आणि त्या ओळखीचा हात धरून त्या महारवाड्यातल्या घरात शिरू शकल्या. पुढे त्याच घरात मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी येते, शिळ्या तुकड्यांसाठी गावात घातलेले फेरे येतात, वाटेवरून जाताना सवर्णांपासून राखायचे अंतर येते. तेथवर पोहोचलेल्या वाचकाचा स्वतःचा अनुभव संपलेला असतो, आणि त्यांतल्या काही जणींना तर ते अंतर राखायला लावणारी माणसे आपल्याच घरातली असल्याचे त्या पानांवर दिसत होते.